दुपारी दम सोडणारा हार्वेस्टर



ऊसतोडणी यंत्र, म्हणजे आपण सारे ज्याला हार्वेस्टर म्हणतो ते, आता आपल्याकडे नवलाईचे राहिलेले नाही. तोडणीच्या टोळ्या पुऱ्या पडत नाहीत, उचल घेऊन टोळी येईलच याची खात्री नाही. म्हणून कुठे कारखान्याने, कुठे वाहतूकदाराने, तर कुठे आमच्यासारख्या सात शेतकऱ्यांनी मिळून यंत्रे घेतली. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. बँकेचा हप्ता ऊस तुटो न तुटो, ठरल्या तारखेला भरावाच लागतो. असे यंत्र ऐन जानेवारीत फडात उभे राहिले म्हणजे काय होते, हे ज्याच्यावर बेतते त्यालाच कळते. आमच्यावर ते बेतले, त्याची ही हकिकत. चूक आमचीच होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचताना कुणाकडे बोट दाखवायची जरूर राहणार नाही.

सकाळी आठला यंत्र फडात उतरे तेव्हा शहाण्या बैलासारखे चाले. पाच फुटी सरीतला ऊस बुडातून कापावा, कांड्या करून शेजारच्या ट्रॉलीत टाकाव्यात, ओळ संपली की वळावे. अकरा-साडेअकरापर्यंत काही तक्रार नाही. मग चाल हळूहळू मंदावू लागे. दीड-दोनच्या सुमारास तर चिखलात रुतल्यासारखे जागच्या जागी थांबे. ड्रायव्हर हँडल पुढे रेटतोय, इंजिन ओरडतंय आणि यंत्र हलायचे नाव घेत नाही. अर्धा तास बंद ठेवून पुन्हा सुरू केले की वीस-पंचवीस मिनिटे बरे चाले, की पुन्हा तेच.

पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांची समजूत घातली. ऊन फार आहे, ऊस लोळलेला आहे, ड्रायव्हर नवा आहे. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्याने यंत्र बांधापर्यंत नेले, परत आणले, कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "पंप गेला. मोटरबी धरल्यातच जमा. जोडीच बदलावी लागंल." त्याने सांगितलेला खर्चाचा अंदाज ऐकून आमच्यातला एक जण बांधावर मटकन खालीच बसला.

इकडे ज्याच्या फडात यंत्र उभे, त्याची स्थिती अवघड. दोन एकरांपैकी एक एकर तुटलेला, एक उभा. यंत्राने तोडलेल्या उसाच्या कांड्या होतात. प्रत्येक कांडीची दोन्ही तोंडे उघडी, त्यामुळे हातच्या तोडीच्या मोळीपेक्षा हा ऊस लवकर आंबतो आणि साखर घटते. अर्धी भरलेली ट्रॉली रात्रभर तशीच उभी. उरलेल्या ऊसासाठी टोळी पाहावी तर मुकादम म्हणतो, यंत्राने टाकून दिलेला ऊस आमच्या माणसांनी का तोडावा? तुटलेल्या एकरात खोडवा धरायचा तर पाण्याची पाळी दाराशी आलेली. चिटबॉयचा दर तासाला फोन. आणि आमच्या यंत्राच्या भरवशावर क्रमपाळी लावून बसलेले आणखी तीन सभासद रोज संध्याकाळी येऊन शांतपणे विचारून जात. ओरडले असते तर बरे वाटले असते.

तात्यांचे चार प्रश्न

गावात कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. मिलच्या वरच्या रोलरवर तेलाचा दाब ठेवणारी जी हायड्रॉलिक यंत्रणा असते, तिच्यावर त्यांचा उभा जन्म गेला. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. हार्वेस्टर त्यांनी कधी हाताळलेला नव्हता, तरी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "पंप फोडायचा न्हाई. फडात पंप फोडला की धूळ आत गेली, आन मग तो खरंच गेला. आधी मला चार गोष्टी सांगा."

पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती अशी: यंत्र थांबते तेव्हा इंजिन दबते, की आहे त्याच चालीने घुमत राहते? इंजिन दबून काळा धूर सोडत असेल तर दुखणे इंजिनात शोधावे. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर पाहावा. आमचे इंजिन घुमत होते. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती.

दुसरी: चाल थांबली तरी खालचे कटर आणि कांड्या करणारा चॉपर फिरतात का? फिरत होते, नीट फिरत होते. तेही तेलावरच चालतात आणि टाकी एकच. तेव्हा टाकीत तेलच नाही असे नव्हते. बिघाड फक्त चालीच्या वाटेवर होता.

तिसरी: पुढे जाताना दम जातो, की मागे येतानाही? दोन्हीकडे. एकाच बाजूला दम जात असता तर तात्यांचा संशय त्या बाजूच्या रिलीफ व्हॉल्व्हवर गेला असता. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहतात. दुखणे बाजू बदलून उलटीकडे गेले की चोर सापडला.

चौथी गोष्ट म्हणजे गार असताना कसे आणि तापल्यावर कसे. हे तर आम्ही घोकूनच ठेवले होते. तात्या म्हणाले, "मेकॅनिक चुकीचं बोलला न्हाई. झिजलेला पंप असाच वागतो. तेल तापून पातळ झालं की झिजेतनं निसटतं. पर असंच वागणारी आणखी दोन-तीन दुखणी हायती, आन ती स्वस्त हायती. स्वस्त आधी बघू."

हे चालते तरी कसे?

पुढची हकिकत कळायची तर यंत्राची चाल थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्या ट्रॅक्टरला क्लच आणि गिअरबॉक्स असतो, त्यातून शाफ्टने ताकद चाकाला जाते. हार्वेस्टरच्या चाकाकडे असा शाफ्ट जात नाही. इंजिन एक पंप फिरवते, पंप जाड होज पाइपातून तेल ढकलतो, त्या तेलाने मोटर फिरते आणि मोटर चाक फिरवते. तेल दुसऱ्या पाइपाने पंपाकडे परत येते. सारे तेल टाकीत न जाता पंपाकडून मोटरकडे, मोटरकडून पंपाकडे असे बंद वाटेने फिरत राहते. यालाच हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात.

पंपाच्या पोटात गोलाकार मांडलेले पिस्टन, बहुधा नऊ, आणि त्यांच्यापुढे कलती होणारी एक तबकडी असते. हँडल मधोमध असले की तबकडी सरळ. पिस्टन नुसते गोल फिरतात, आतबाहेर होत नाहीत, तेल ढकलले जात नाही. हँडल पुढे रेटावे तशी तबकडी कलते, पिस्टनची झेप वाढते, तेल वाढते, चाल वाढते. हँडल मागे ओढले की तबकडी उलटीकडे कलते, तेल उलटे वाहते आणि यंत्र मागे येते. लोळलेला दाट ऊस आला की चाल मुंगीची करायची, विरळ आला की वाढवायची, आणि इंजिन मात्र एकाच वेगाने फिरत ठेवायचे. कटरला तसेच लागते. हे काम गिअरवर जमणार नाही, म्हणून ही योजना.

पद्धत जुनीच आहे. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली आपल्या फार्मॉल ६५६ ट्रॅक्टरला अशी चाल दिली. आज अमेरिका-जपानकडच्या वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या छोट्या ट्रॅक्टरांत क्लच-गिअरऐवजी पायाखाली नुसते पेडल असते. दाबले की पुढे, उलटे दाबले की मागे. लोडर लावून दर मिनिटाला पुढेमागे करणाऱ्याला ते सोयीचे. आपल्या नांगरटीच्या ट्रॅक्टरला गिअरच बरा, कारण तेलातून ताकद नेताना गिअरपेक्षा जास्त ताकद उष्णतेत वाया जाते. म्हणून या यंत्रांत तेल तापतेच, आणि ते निववायला ऑईल कूलर लागतोच.

आता मुद्द्याची गोष्ट. पिस्टन आणि त्याचे घर यांच्यातली फट काही मायक्रॉनांची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करावा. त्या फटीतून थोडे तेल सतत निसटते, तेच तिथले वंगण. निसटलेले तेल भरून काढायला एक लहान पंप असतो, त्याला चार्ज पंप म्हणतात. तो टाकीतून सक्शन पाइपाने तेल ओढतो आणि फिल्टरमधून गाळलेले तेल बहुतेक यंत्रांत २० ते २५ किलोच्या दाबाने मोठ्या पंपाला पुरवतो. तबकडी कलती करायची ताकदही यातूनच मिळते. मोठा पंप ३५०-४०० किलोपर्यंत दाब काढणारा, पण त्याचा जीव या २०-२५ किलोवर. म्हैस कितीही दुधाची असो, गव्हाणीत वैरणच पडली नाही तर धार कुठली?

पाचट, बुडबुडे आणि एक 'हं'

तात्या फडात आले ते हातात काचेची बाटली घेऊन. आधी हँडलची केबल पाहिली; पुरी ओढली जात होती. मग ओढून नेताना उघडायचा बायपास व्हॉल्व्ह पाहिला. डिसेंबरात यंत्र एकदा ट्रॅक्टरने ओढून काढावे लागले होते, तेव्हा तो उघडला होता; नंतर पुरा बंद झाला होता का? झाला होता. तो जरासा जरी उघडा राहिला तरी यंत्र असेच मलूल चालते, आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मग बाटलीत तेल घेतले. दुधाळ असते तर पाणी शिरले म्हणून समजायचे. तसे नव्हते. वास किंचित जळका. बाटली बॉनेटवर ठेवून दिली. दहा मिनिटांनी पाहिले तरी तेलात बारीक बुडबुडे तरंगत होते. तात्या बाटलीकडे पाहून नुसते "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

त्या दिवशी आमचे लक्ष कूलरने वेधले. वरून पाहता तो स्वच्छ होता, कारण ड्रायव्हर रोज समोरून हवा मारत असे. पण ऑईल कूलर आणि त्याच्या मागचा रेडिएटर यांच्या मधल्या जागेत हात घातला, तर पाचटाची भुकटी नमद्यासारखी थापून बसलेली. पाऊण घमेले निघाली. समोरून मारलेल्या हवेने ती रोज आणखी आत ठोकली जात होती. हवा आतून बाहेर मारायची असते, आणि पाण्याची जोराची धार जवळून मारायची नसते, नाहीतर पत्र्याच्या बारीक पाती दुमडतात. हे सारे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेले आहे. पुस्तक आमच्यातल्या एकाच्या कपाटात होते.

कूलर साफ केला. दुपारी ९५ अंशांच्या वर जाणारे तेल ८० च्या आत राहू लागले. दोन वाजले, अडीच वाजले, यंत्र चालतेच आहे. आम्ही पेढे मागवायच्या बेतात होतो. सव्वातीनला चाल मंदावली आणि साडेतीनला यंत्र थांबले.

सुई खाली, चाल खाली

दुसऱ्या दिवशी तात्यांनी कारखान्याच्या वर्कशॉपमधून ० ते ४० किलोचा एक प्रेशर गेज मागून आणला. तो चार्ज पंपाच्या तपासणीच्या तोंडावर बसवायचा, मुख्य वाटेवर चुकूनही नाही. तिथे दाब शेकड्यांत असतो, हा गेज फुटून तोंडावर येईल. कुठले तोंड कशाचे ते पुस्तकात चित्र काढून दिलेले असते, आणि हे काम जाणत्या फिटरनेच करावे.

सकाळी सुई २३ वर. अकराला २१. एकला १८. अडीचला १३ वर आली आणि चालीचा दम गेला. तीन दिवस आम्ही जे डोळ्यांनी पाहत होतो, ते आता आकड्यांत दिसले. मोठा पंप मरत होता की नाही ते पुढचे पुढे, पण त्याला वैरणच पुरी मिळत नव्हती एवढे पक्के झाले.

आधी फिल्टर बदलला. जुना कापून पाहिला. काळा गाळ आणि त्यात चार-दोन पिवळे चकाकते कण. पिवळे म्हणजे पितळी भागांची झीज सुरू झालेली. तात्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. नव्या फिल्टरनेही दुपारची सुई १४ च्या वर जाईना. आता उरले तीन संशयित: चार्ज पंप स्वतः, त्याचा लहान रिलीफ व्हॉल्व्ह, किंवा टाकीतून तेल ओढणारा सक्शन पाइप.

तात्यांनी पंखा आणि फिरते भाग सांभाळून सक्शन पाइपावर हात ठेवला. तो भाग बिनदाबाचा, म्हणून हात लावता येतो. सकाळी तो पाइप टणक होता. आता शिजलेल्या शेंगेसारखा मऊ. ड्रायव्हरला म्हणाले, "रेस वाढव." इंजिनाचा वेग चढला तशा पाइपाच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या आणि तो मधोमध चपटला. रेस कमी केली की पुन्हा गोल. आम्ही सात जण खाली वाकून पाहत होतो; कुणी बोलले नाही.

बोलणार काय? तो पाइप आम्हीच आणलेला होता. मागच्या हंगामाच्या शेवटी मूळचा पाइप क्लॅम्पजवळ चिरला, तेव्हा कंपनीच्या पाइपाची किंमत ऐकून आम्ही तालुक्याच्या बाजारातून निम्म्या पैशांत दुसरा घेतला. दिसायला जाड, चकचकीत. दुकानदाराने विचारले होते, कशासाठी पाहिजे? आम्ही सांगितले, हायड्रॉलिकसाठी. त्याने दाबाचा पाइप दिला, त्याची त्यात काही चूक नाही. दाबाचा पाइप आतून बाहेर येणारा जोर सोसतो. सक्शनच्या पाइपाला बाहेरून आत चेपणारा जोर सोसावा लागतो, म्हणून त्याच्या अंगात तारेचे वेटोळे असते.

आता सांगा, विहिरीवरच्या मोटरला सक्शनच्या बाजूने कुणी डिलिव्हरीचा चपटा होणारा पाइप लावील काय? आपल्यापैकी शेंबडे पोरसुद्धा सांगेल की पाइप चिकटेल आणि पाणी येणार नाही. विहिरीवर आम्हाला जे कळते, ते कोटीच्या यंत्रावर कळले नाही.

पाइप काढून उभा चिरला. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. वर क्लॅम्पही ढिला, तिथून थोडी हवा जात होती. बाटलीतले बुडबुडे आणि तात्यांचे 'हं' यांचा उलगडा झाला. विहिरीचा पंप हवा धरतो तेव्हा कसा खडखडतो ते सर्वांनी ऐकलेले आहे. इथे इंजिनाच्या आवाजात तो खडखडाट दबून गेला होता. सकाळी पाइप गार आणि टणक, म्हणून यंत्र शहाणे. दुपारी तेल तापले, पाइप मऊ पडला, आत चिकटला, वैरण तुटली. कूलर चोंदल्यामुळे तेल जास्त तापत होते, म्हणून कूलर साफ करताच दुखणे दीडवरून सव्वातीनवर गेले; पण गेले नाही. दुखणी दोन होती आणि एकमेकांच्या आड लपली होती.

तारेचे वेटोळे असलेला, तेलाला टिकणारा सक्शन पाइप जिल्ह्याच्या गावाहून आणला, दोन्ही तोंडांना नवे क्लॅम्प लावले. त्या दिवशी चार वाजता, भर उन्हातून आल्यावर, सुई २२ वर होती. मेकॅनिकने सांगितलेल्या आकड्यातली दोन शून्ये पुसली तर जे उरेल, त्याहूनही खर्च थोडा कमी आला. सहा दिवस गेले ते वेगळे.

मेकॅनिकची बाजू

मेकॅनिकला आम्ही पुन्हा बोलावले, वाद घालायला नव्हे, तर ते पिवळे कण दाखवायला. त्याने पंपाच्या आणि मोटरच्या अंगातून टाकीकडे निसटून जाणारे तेल दोन वेगळ्या कॅनमध्ये घड्याळ लावून मोजले. पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहता मोटर चांगली निघाली, पंपाचे तेल जरा जास्त निसटत होते. हे मोजमाप केल्यावाचून "जोडी बदला" म्हणणाऱ्याला यापुढे आम्ही एक पैसा देणार नाही, आणि हे त्याच्या तोंडावरही सांगितले.

तो म्हणाला, "मी म्हटलंच हुतं पंप म्हणून."

तात्या म्हणाले, "व्हय, पर पंप कशानं झिजला? त्यो न बघता नवा बसवला असता, तर नवाबी ह्याच पाइपावर मेला असता. पुढच्या जानेवारीत आणखी एक जोडी."

यावर तो काही बोलला नाही, पण नंतर दोनदा चार्जचा दाब बघायला आपण होऊन येऊन गेला. माणूस वाईट नाही. रोज दहा फडांतून त्याला बोलावणे असते आणि प्रत्येक जण "लवकर सांग" म्हणून डोक्यावर बसतो.

यंत्र मार्चअखेर चालले. मे महिन्यात पंप शहरातल्या कार्यशाळेत, फडात नव्हे, उघडला. पिस्टनांच्या पितळी टाचांवर आणि त्या ज्यावर सरकतात त्या तबकडीवर ओरखडे होते. घासून, नवे सील घालून तो परत बसवला. नव्या जोडीच्या अंदाजाच्या साधारण पाचव्या हिश्शात भागले. तो हिस्सा आमच्या बचतीच्या पाइपाने खाल्ला, असे आम्ही समजतो. ज्या सभासदाचा एकरभर ऊस उभा राहिला होता, त्याच्या घटलेल्या वजनाचा हिशेब गटाने सातात वाटून घेतला. त्यावरून आमच्यातला एक जण अजून धुसफुसतो आहे.

आता काही सुट्या गोष्टी, ज्या या धावपळीत कळल्या.

तेल ओततानाची. फडात पाचटाची धूळ उडत असताना उघड्या कॅनमधून, कालच्या डिझेलच्या नरसाळ्याने तेल ओतायची आपली सवय मोडली पाहिजे. मायक्रॉनांच्या फटीत ती धूळ जाऊन बसते. टाकीचे टोपण उघडण्यापूर्वी आजूबाजूचा भाग पुसावा, नरसाळे वेगळे आणि पिशवीत बांधून ठेवावे. तेल ४६ नंबरचे की ६८ चे, ते पुस्तकात सांगितलेलेच. मिळेल ते मिसळू नये.

होजला बारीक छिद्र पडले असेल तर बोट फिरवून गळती शोधू नये. ही गोष्ट जिवाची आहे. शेकडो किलो दाबाची सुईएवढी धार कातडी भेदून तेल आत घालते. वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही फार नाही, आणि काही तासांत हात काढायची पाळी येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे. तरीही तेल टोचलेच तर लिंबू-हळद न लावता, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना "दाबाचे तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. गळके तेल आणि वाळले पाचट यांना गरम इंजिनाजवळ एकत्र येऊ देऊ नये, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

पेडलवर चालणारे छोटे ट्रॅक्टर ज्यांच्याकडे आहेत किंवा पुढेमागे येतील, त्यांनाही हीच वाट लागू आहे: इंजिन दबते का, एका बाजूला की दोन्हीकडे, गार की गरम, मग तेल, फिल्टर, पेडलची जोडणी, बायपास, सक्शन, चार्जचा दाब, आणि शेवटी पंप. पेडल सोडल्यावरही ट्रॅक्टर हळूहळू सरकत असेल तर पंपाला हात लावण्यापूर्वी पेडलच्या मधल्या जागेची जुळणी पाहावी, बहुधा तिथेच असते. तेलाची चाल असलेले कुठलेही यंत्र पुस्तकात सांगितलेली खबरदारी न घेता ओढून नेऊ नये. चाके मोटर फिरवतात, तिला ताजे तेल मिळत नाही, आणि ती आतल्या आत खरवडून निघते. डिसेंबरात आम्ही ओढले तेव्हा ड्रायव्हरला हे ठाऊक होते म्हणून निभावले. आम्हाला ठाऊक नव्हते.

तो ० ते ४० किलोचा गेज वर्कशॉपला परत केला आणि गटाने स्वतःचा एक विकत घेतला. तो, त्याची जोडणी, आणि चिरलेल्या पाइपाचा वीतभर तुकडा गटऑफिसात ठेवला आहे. कार्यक्षेत्रातल्या कुणाही यंत्रमालकाने न्यावा, नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी, तिसऱ्या दिवशी परत आणावा. तात्या सकाळी नऊपर्यंत घरी असतात. त्यांच्याकडे जाताना तेलाची बाटली भरून न्यावी, म्हणजे त्यांना पहिला प्रश्न विचारावा लागणार नाही.